बोट पानावर, डोळे माझ्याकडे

केडगाव
१२ जुलै २०२५

प्रिय मोनिका,
सलाम.

पाकिटावरचं अक्षर बघूनच तू हे पत्र बाजूला टाकशील, याची मला शंभर टक्के खात्री आहे. तरी लिहिते. माझा नंबर तू ब्लॉक केलास, पॉलचाही केलास (माझ्या त्या बिचाऱ्या नवऱ्याने काय केलं होतं?), पण पोस्टमनला ब्लॉक करायची सोय अजून निघालेली नाही.

कारण तसं साधंच आहे. घराला रंग दिला. त्या निमित्ताने माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली काढली, तर त्यात तुझे नर्सिंगच्या पहिल्या वर्षाचे कागद निघाले. गुणपत्रक आहे, आणि तो टोपी घातलेला फोटो, ज्यात तू कुणावर तरी प्रचंड चिडलेली दिसतेस. बहुतेक माझ्यावरच. मिरजेला पाठवू का, एवढंच विचारायचं होतं. उत्तर देशील तर पत्त्यावर अहिल्यानगर लिही किंवा अहमदनगर लिही, आमच्या पोस्टमनला दोन्ही कळतं.

आम्ही बरे आहोत. पॉल एसटीतून निवृत्त झाला, पण कंडक्टरकी काही अंगातून जात नाही. दारात कुणी घुटमळलं की हा आतून ‘पुढे चला, पुढे चला’ करतो. परवा पाळकसाहेबांनाही केलं.

माझी शाळा तीच, इथून बारा किलोमीटरवरची वस्तीवरची. खोल्या दोन, शिक्षक दोन, आणि दुसरे शिक्षक म्हणजे मुख्याध्यापक आबासाहेब. गेली दोन वर्षं मी त्यांच्याकडून चौथी मागून घेत होते. का, ते तुला ठाऊक आहे. यंदा ते म्हणाले, “बाई, पोरांना अक्षर ओळख करून द्यायला तुमच्यासारखा हात न्हाई. पहिली तुम्हीच घ्या.” मला नाही म्हणता आलं नाही. त्यांना काय सांगणार होते?

तुझ्या लेकीची उंची किती झाली गं? तेवढं कळव. बाकी काही नको.

तुझी,
रेबेकाताई


केडगाव
२० ऑगस्ट २०२५

प्रिय मोनिका,
सलाम.

उत्तर नाही आलं. येईल असं मी धरलंही नव्हतं, तरी पोस्टमनची सायकल वाजली की उगाच दारापर्यंत जाऊन येते. पॉल म्हणतो, “तुझी बहीण आहे ती. हट्टात तुझ्यापेक्षा कमी निघेल का?”

गेल्या पत्रात मी उंची विचारली. मला उंची विचारायची नव्हती. प्रार्थना आता वाचते का, हे विचारायचं होतं. चौथीत असेल ना ती? तीन वर्षं हा एकच प्रश्न माझ्या मागे लागलाय आणि दुसऱ्या कुणाला विचारताही येत नाही. ‘तुम्ही शिकवलेली तुमचीच भाची वाचते का हो,’ असं कुठली शिक्षिका विचारेल?

तू मस्कतला नोकरीवर गेलीस तेव्हा सहा वर्षांची पोर माझ्या ओटीत घातलीस. “ताई, तिला पहिलीला तूच घे. तुझ्या हाताखाली शिकली की मला काळजी नाही,” असं म्हणालीस. मी तिला स्कूटीवर पुढे उभी करून रोज शाळेत न्यायचे. वाटेत ती मला रस्त्यावरच्या सगळ्या विहिरींचे मालक सांगायची, एकदा ऐकलेलं नाव कधी विसरायची नाही. त्याच वर्षी नाताळला तू सुट्टीवर आलीस, चर्चमध्ये जे झालं ते झालं, आणि त्याच दुपारी तू तिला घेऊन गेलीस.

आज हे सगळं का आठवतंय ते सांगते. माझ्या वर्गात पूजा म्हणून एक मुलगी आहे, वस्तीवरच्या गोजरबाईंची नात. आई-बाप कोपरगावकडे कारखान्यावर कामाला असतात, ही आजीजवळ असते. शाळा सुरू होऊन महिना झाला तेव्हा ही पोरगी उठली आणि पुस्तकातली पहिली पाच पानं घडाघडा वाचली. इतर पोरं अजून ‘ग’ आणि ‘म’ पाशी झटापट करत होती. आबासाहेब दारातून बघत होते, तेही खूश. मी मात्र जवळ गेले आणि सहज केल्यासारखं दाखवून पान उलटलं. मोनिका, ती थांबली नाही. बोट गेलं बैलाच्या चित्रावर, आणि तोंडाने मागच्याच पानाचे शब्द.

पूर्वी मी काय केलं असतं, ते तू पाहिलं आहेस. यावेळी मी पुस्तक मिटलं, तिच्याशेजारी खाली सतरंजीवर बसले आणि विचारलं, “पूजा, वाचायचं म्हंजे काय करायचं गं?”

ती म्हणाली, “बोट ठिवायचं, बाईंकडं बघायचं आन् म्हनायचं. मधी थांबायचं न्हाई.”

“का थांबायचं नाही?”

“थांबलं की बाई वरडत्यात.”

मी तर तिच्यावर यंदा एकदाही ओरडलेले नाही. मग कळलं. तिची थोरली बहीण गेल्या साली माझ्या चौथीत होती. घरी शाळा-शाळा खेळताना ती बाई होते आणि पूजा तिची विद्यार्थिनी. बाई म्हणजे मी. माझं रागावणं, माझी चष्म्यावरून बघायची तऱ्हा, सगळं त्या घराच्या ओसरीवर रोज संध्याकाळी चालतं. पाठांतरही तिथेच झालं.

ती फसवत नव्हती. तिला खरोखर वाटत होतं की वाचणं म्हणजे हेच. मोठी माणसं पुस्तकात बघून बोलतात, तिने बघितलं होतं, तसंच ती करत होती. त्या काळ्या रेघोट्यांचा त्यात काही हात असतो हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. आम्ही अक्षरं शिकवतो, बाराखडी शिकवतो, पण ही गोष्ट आमच्याकडून सांगायची राहून जाते, कारण आम्हाला ती इतकी उघड वाटते.

आज इतकंच. पेटीतले कागद वेगळ्या पाकिटाने पाठवलेत.

तुझी,
रेबेकाताई


केडगाव
२८ सप्टेंबर २०२५

प्रिय मोनिका,
सलाम.

कागद परत आले नाहीत, म्हणजे पोचले. मी त्यातच आनंद मानला.

पूजाचं पुढचं सांगते. तू म्हणशील मला काय करायचंय त्या पोरीशी. पण ऐक.

मी तिचं पुस्तक महिनाभर बंद ठेवलं. ते तिला पाठ होतं, त्यात तिला बघायला काही उरलंच नव्हतं. आता पुस्तकाबाहेरचं काय द्यावं याचा विचार करत होते, तर एके सकाळी ही धावत आली. “बाई, आमची शेळी याली! दोन करडं! येक लई वरडतंय!” मी तिथल्या तिथे जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर मोठ्या अक्षरात लिहिलं, ‘आमची शेळी याली. एक करडू लई वरडतं.’ आणि तिला म्हटलं, हे तू बोललीस, ते इथे आहे. तिने कागद उचलून उलटसुलट करून बघितला. मग हळूच विचारलं, “शेळी कुटंय यात?”

मी कात्री घेतली आणि शब्द-शब्द वेगळा कापला. तिचं तोंड बघायला हवं होतंस, जणू शेळीच कापली मी. मग पट्ट्या मागेपुढे करून विचारायचं, शेळी कोणती, करडू कोणतं. आठ दिवस ती प्रत्येक पट्टीवर बोट ठेवून अख्खं वाक्यच म्हणायची. मी ओरडले नाही. जीभ दातांखाली धरून बसले, तुला माहीत आहे मला ते किती जड जातं. थांबलीस तरी चालेल, थांब, नीट बघ, एवढंच सांगत राहिले. नवव्या दिवशी ती एका पट्टीजवळ खरंच थांबली. मग उठून दाराकडे गेली, तिथे भिंतीवर ‘शाळा’ लिहिलंय, आणि तिथून ओरडली, “बाई! शाळंतला श शेळीत बी हाय!”

अठरा पोरांच्या वर्गात मी टाळ्या वाजवल्या. पोरांना वाटलं सुट्टी झाली.

त्याच आठवड्यात केंद्रप्रमुख वैजनाथ सर आले. भिंतीवर लावलेली पट्टी वाचून म्हणाले, “बाई, हे ‘वरडतं’ काय लिहिलंय? प्रमाण भाषा शिकवायची आपल्याला.” मी म्हटलं, “सर, तिच्या तोंडात आहे तेच कागदावर दिसलं, तर तिला कळेल की कागद बोलतो. ‘ओरडतं’ कुठे पळून जात नाही, दिवाळीनंतर तेही येईल.” त्यांनी शेरेबहीत काहीतरी लिहिलं. जाताना मात्र मोबाईलवर पट्टीचा फोटो काढून नेला. म्हणाले, शिक्षण परिषदेत दाखवतो.

तुझ्या प्रार्थनाजवळ मी असं एकदाही बसले नाही. तिला मी वेगळी पट्टी, वेगळी गोष्ट काही दिली नाही. ती पाठ म्हणायची, मी शाबासकी द्यायचे, आमचं दोघींचं छान चाललं होतं. आणि शेवटी चर्चमध्ये मी तिला रागावले.

‘रागावले’ असंच मी सगळ्यांना सांगत आलेय.

तुझी,
रेबेकाताई


केडगाव
९ नोव्हेंबर २०२५

प्रिय मोनिका,
सलाम.

आधी गंमत, मग दुसरं.

दिवाळीच्या सुट्टीनंतर मी एक खोड सुरू केली. रोज सकाळी फळ्याच्या कोपऱ्यात एक ओळ लिहायची आणि कुणाला काही सांगायचं नाही. ज्याला जमेल त्याने बघावी. गुरुवारी लिहिलं, ‘पूजाची आजी आज शाळेत येणार.’ तसं काही ठरलेलं नव्हतं, तिचं नाव दिसलं तर बघेल, एवढाच हेतू. परिपाठ झाला, मी हजेरी घ्यायला बसले आणि मान वर केली तर पूजाची जागा रिकामी. चप्पलही नाही. सध्या उसाच्या ट्रॅक्टरांनी रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसते. आबासाहेब एका बाजूला पळाले, मी दुसऱ्या.

एवढ्यात समोरून गोजरबाई येताना दिसल्या. हाताला कोपरापर्यंत पीठ, आणि पदराला धरून पुढे ओढणारी पूजा.

“काय झालं वं बाई? पोरगी म्हनती, आजे, चल, तुला शाळंत यायचंय, फळ्यावर लिव्हलंय. म्या भाकर तव्यावर टाकून आलेय!”

मी रस्त्यातच खाली बसले आणि पूजाला जवळ ओढलं. विचारलं, “तुला कुणी सांगितलं गं, आजी येणार म्हणून?”

“कुनी न्हाई. फळ्यानं.”

मी हसत होते की रडत होते, मलाच कळेना. गोजरबाई घाबरल्या, म्हणाल्या, “बाई, पानी आनू का?” मग मी त्यांना वर्गात खुर्ची दिली आणि फळा दाखवला. त्यांना वाचता येत नाही, पण नातीच्या बोटामागून त्या ओळीभर डोळे फिरवत गेल्या. “मंग आलेच हाय तर माझं काम काय हाय हितं?” म्हणाल्या. मी म्हटलं, गोष्ट सांगा. त्यांनी विहिरीत पडलेल्या कोल्ह्याची गोष्ट सांगितली, पोरं लोळली. भाकर जळाली ती जळालीच.

आता दुसरं. मी ते तीन वर्षं अर्धंच सांगत आलेय, तुलाही आणि पॉललाही.

तुला आपली रीत माहीत आहे. नाताळच्या उपासनेत रविवारच्या शब्बाथ शाळेतली पोरं एकेक करून पुढे येतात, आपापलं वचन तोंडपाठ म्हणतात आणि खाऊ घेऊन जातात. आपण दोघींनीही म्हटलंय. पण त्या वर्षी मी पाळकसाहेबांकडे गेले आणि म्हणाले, आमची प्रार्थना पाठ म्हणणार नाही, ती वाचून दाखवील. पहिलीतली पोर समोरच्या उंच पुलपिटावरून शास्त्रपाठ वाचणार! मी तेवढ्यावर थांबले नाही, अर्ध्या नगरला सांगून आले. माझ्या हाताखाली सहा महिन्यांत वाचायला लागली, असं.

तिच्याकडून मी लूकच्या शुभवर्तमानातला येशूजन्माचा उतारा तयार करून घेतला होता. पंधरा दिवस रोज. आणि त्या पंधरा दिवसांत एकदा तिच्या हातातल्या पवित्र शास्त्राची दोन पानं चिकटून एकदम उलटली. ती थांबली नाही. चुकीच्या पानावर बोट ठेवून बरोबर उतारा म्हणत राहिली. मी ते बघितलं, मोनिका. समोर बसले होते, माझ्या डोळ्यांनी बघितलं. आणि उठून चहा ठेवायला गेले. मला ठाऊक होतं. फक्त ठाऊक करून घ्यायचं नव्हतं, कारण नाताळ दहा दिवसांवर आला होता आणि मी सगळ्यांना सांगून बसले होते.

मग त्या दिवशी पाळकसाहेबांनी लूक दुसऱ्या कुणाला दिला होता म्हणून तिच्यासमोर मत्तयाचं शुभवर्तमान उघडून दिलं. त्यांचा काय दोष? वाचणाऱ्याला काय, हे नाहीतर ते. तिने मत्तयावर बोट ठेवलं आणि लूक म्हणायला लागली. किती सुंदर म्हणत होती, तुलाही आठवत असेल. एकही शब्द चुकला नाही. बोट पानावर आणि डोळे माझ्याकडे. मी मान हलवीन याची वाट बघत होती. मागच्या बाकांवर कुणीतरी हसलं, मग बरेच हसले.

मी वर गेले, तिचं मनगट धरून हात पानावरून ओढून काढला आणि म्हणाले, “खोटारडी.” माइक चालू होता.

ते रागावणं नव्हतं. सहा वर्षांच्या पोरीला मी माझी लाज झाकायला पुढे केलं. ती माझ्यावर विश्वास ठेवून तिथे उभी होती, आणि त्या अख्ख्या चर्चमध्ये खोटं बोललेली एकच बाई होती.

तू मला माफ कर असं मी म्हणत नाही. तुला वाटलं तर कर. मला फक्त हे आता अर्धं ठेवायचं नव्हतं.

तुझी,
रेबेका


केडगाव
१५ डिसेंबर २०२५

लाडके प्रार्थना,

मावशीचा तुला सलाम आणि एक मोठा पापा. हे पत्र तुला आहे. पाकिटावर आईचं नाव नाही, तुझं आहे, नीट बघ.

काल दुपारी तुझ्या आईचा फोन आला. नाव दिसत होतं तरी मी पॉलकाकांना दोनदा दाखवून खात्री करून घेतली. काका म्हणाले, “उचल आधी, मग बघ.” उचलला. तुझी मावशी, जिच्या तोंडाला कधी कुलूप नसतं ती, नुसती ‘हं, हं’ करत होती.

आई म्हणाली, “ताई, तुझं एकही पत्र मी उघडलेलं नाही. पहिलं तर फाडायलाच घेतलं होतं. प्रार्थनाने ते माझ्या हातातून काढून घेतलं. तेव्हापासून तीच उघडते आणि जेवताना मला वाचून दाखवते. जोडाक्षराला अडते, थांबते, पुन्हा मागून घेते. पण वाचते. मिरजेत शेजारच्या बाईंनी दोन वर्षं बसून शिकवलं तिला.”

जे मी जुलैपासून विचारत होते, त्याचं उत्तर माझी पत्रंच जेवणाच्या ताटाशी देत होती. त्या शेजारच्या बाईंना माझा सलाम सांग. त्यांचं नाव मला कळव, मला त्यांना लिहायचंय.

आणि मग माझ्या लक्षात आलं की नोव्हेंबरचं पत्रही तूच वाचलंस.

मी आईला विचारलं, “त्या ठिकाणी ती थांबली का गं?” आई म्हणाली, “थांबली. तो एक शब्द मोठ्याने म्हटलाच नाही. मला वाटलं अडली, म्हणून मी सांगायला गेले. तर म्हणाली, ‘सांगू नको, हा मला येतो.’ आणि पुढची ओळ वाचायला लागली.”

प्रार्थना, काल दुपारपासून ते वाक्य माझ्या कानातून जात नाही. तुला वाचता येत नव्हतं तेव्हापासून तो शब्द तुला येतो, आणि तो मी शिकवला.

मोठ्या माणसांना सगळं खरं सांगायचं आणि जिचं होतं तिला काहीच सांगायचं नाही, असं मी करून बसले. मी आईची समजूत घालत राहिले. तुला एक ओळही लिहिली नाही. म्हणून हे मोठ्या अक्षरात, शब्दांमध्ये जागा सोडून लिहितेय. हवं तिथे थांब. कितीही वेळ थांब.

तू खोटं बोलली नव्हतीस. तुला जे वाचणं वाटत होतं ते तू अगदी मन लावून करत होतीस. तुला शिकवायचं काम माझं होतं आणि मी ते केलं नव्हतं. ते मला आधीच कळलं होतं, तरी मी तुला तिथे उभं केलं. मी चुकले. तो शब्द तुझा नाही, माझा आहे. मला माफ करशील का?

लगेच उत्तर द्यायचं नाही. नाही म्हणालीस तरी मावशी तुझीच राहील.

आणि हे पत्र जेवताना आईला वाचून दाखवू नकोस. एकटी बस आणि मनातल्या मनात वाच. आता तुला तसंही येतं.

तुझीच,
रेबेकामावशी